डेटम कुठं धरायचा?

समजा, तुम्ही तळवड्यात ज्योतिबानगरच्या एका शेडमध्ये क्वालिटीला आहात. सेकंड शिफ्ट चालू आहे. समोर काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, तिच्यावर बुशांचा ट्रे, हातात वर्नियर. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 25.00 पेक्षा जास्त चालणार नाही असं लिहिलंय आणि पट्टी 25.04 दाखवते. ऑपरेटर शेजारी उभा आहे, तोंडानं काही बोलत नाही. टेम्पो दारात लागलाय, चाकणच्या कंपनीत रात्रीच माल पोचायला हवा. जबडा अंगठ्यानं किंचित आवळला तर 25.04 चं 25.00 होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. तुम्ही आवळत नाही. लाल टॅग लावता, शिव्या खाता.

ही सवय खिशात ठेवा. आज तिच्यासकट तुम्हाला चारशे वर्षं मागं जायचं आहे.

पहिला मुक्काम जवळचा. इंद्रायणी ओलांडायची, म्हाळुंगेवरून चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, आणि डावीकडे जुन्नर. सतराव्या शतकाचं पहिलं दशक सरत आलंय. कारखाने नाहीत, ट्रॅफिक नाही, चाकणचा भुईकोट धडधाकट उभा आहे. पुण्याचा मुलूख निजामशाहीत, मालोजी भोसल्यांच्या घराण्याकडे जहागीर. मुघलांनी अहमदनगर घेतलंय, तरी निजामशाही मेलेली नाही. तिचा मुलगासा सुलतान सध्या जुन्नरला आहे, आणि त्याच्या नावानं राज्य हाकणारा माणूस साठीच्या घरातला, उंचापुरा, काळाकभिन्न. मलिक अंबर.

त्याच्या फौजेत शिरून बघा. एका अंगाला मराठा बारगीर, दुसऱ्या अंगाला हबशी स्वार. अंबरही हबशीच. इथिओपियात जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव चापू होतं असं सांगतात. लहान वयातच तो विकला गेला, लाल समुद्राकाठच्या मोख्याच्या बाजारातून बगदादला गेला, तिथल्या धन्यानं त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. मग दख्खनेत आणून पुन्हा विकला. विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, आणि गंमत म्हणजे तोही हबशी, तोही कधीकाळी गुलाम म्हणूनच इथं आलेला. चंगीझखान वारल्यावर त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं.

तुमच्या डोक्यात गुलाम म्हणजे पायात बेड्या आणि कापसाचं शेत, कारण ते चित्र सिनेमातून आलेलं. इथलं यंत्र वेगळं होतं. दख्खनी दरबारात गटबाजी इतकी, की धन्याला असा माणूस हवा असे ज्याला गावात भाऊबंद नाही, सासुरवाडी नाही, जमिनीचा दावा नाही. म्हणून त्याला घोडा द्यायचा, तलवार द्यायची, हिशेब शिकवायचा. धनी गेला की असा माणूस बहुधा सुटायचा, आणि अंगात धमक असेल तर सरदार व्हायचा. आपल्या मुलीचं लग्न अंबरनं खुद्द सुलतानाशी लावून दिलं. गुलाम म्हणून आलेला माणूस राजाचा सासरा झाला.

म्हणजे इथं सगळं गोड होतं असं मात्र मनात आणू नका. ज्याचं नाव इतिहासात आलं तो एक. मोख्याच्या बाजारात त्याच्यासोबत उभ्या केलेल्यांपैकी बाकीच्यांचं काय झालं, हे बखरी विचारत नाहीत. बायकांचं तर नाहीच. आणि फार लांबही जायला नको. पुढं पेशवाईत याच पुण्यात कुणबिणी आणि बटकी विकत मिळत. त्यांच्या किमती, पळून गेलेल्यांचा शोध, मालकीचे तंटे, सगळं दप्तरात नीट नोंदलेलं आहे. आपण ते पान पटकन उलटतो.

रंगाचा तिरस्कारही होता. जहांगीर बादशहाला अंबर काही केल्या हरत नव्हता. रोजनिशीत तो त्याच्या काळ्या तोंडावरून शिव्या देतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानं एक चित्र करून घेतलं: भाल्यावर अंबरचं तोडलेलं डोकं, शेजारी घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्या डोक्यावर बाण सोडणारा बादशहा. प्रत्यक्षात ते डोकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. 1624 साली नगरजवळ भातवडीला अंबरनं मुघल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजा झोडपल्या, शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते. 1626 साली तो म्हातारा होऊन मेला. खुलताबादला त्याची कबर आहे, आणि त्यानं वसवलेल्या खडकीला आपण आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो. त्यानं तिथं जमिनीखालून पाणी आणलं, मुलखातल्या जमिनी प्रतीप्रमाणे लावून साऱ्याची पद्धत बसवली.

जुन्नर सोडण्याआधी एवढं टिपून ठेवा: बादशहाचा राग काळ्या तोंडावर होता, तरी हे डोकं आतून लहान आहे म्हणून याची पायरी खालची, असं त्याला मोजून सिद्ध करावंसं वाटलं नाही. शिवी ही शिवीच होती. तिच्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर नव्हतं.

ते स्टिकर लावणारी माणसं बघायला फिलाडेल्फियाला चला, फार वेळ थांबायचं नाही. साल 1839. डॉ. सॅम्युएल मॉर्टन यांच्याकडे जगभरातून कवट्या येतात. पुढं संग्रह हजाराच्या घरात जाईल. मॉर्टन कवटीची भोकं बुजवतात, मोठ्या छिद्रातून आत पांढरी मोहरी ओततात, हलवतात, पुन्हा ओततात, मग ती मोहरी मापाच्या नळीत रिकामी करतात. तुम्ही लगेच हटकणार: मोहरी दबते, दाणे लहानमोठे, एकाच कवटीचं माप दोनदा सारखं येईल का? त्यांनाही ते कळलं. नंतर ते शिशाचे छर्रे वापरू लागले. निष्कर्ष मात्र तोच राहिला: गोरे वर, काळे तळाला.

या मॉर्टनचं पुढं मोठं लांबलचक प्रकरण झालं. 1981 साली स्टीफन जे गूल्ड यांनी लिहिलं की पूर्वग्रहानं त्यांचा हात नकळत दाबला गेला. 2011 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्याच कवट्या पुन्हा मोजल्या आणि सांगितलं, मॉर्टनची मापं बऱ्याच अंशी बरोबर होती, चूक गूल्डचीच. मला हा भाग सगळ्यात अस्वस्थ करतो. वर्नियर दाबणारा लबाड पकडता येतो. पण माप अचूक घेऊन त्यातून भलतंच अनुमान काढणारा? कवटीचं आकारमान शरीराच्या आकाराप्रमाणे, बाई की पुरुष याप्रमाणे, मुलखाच्या हवामानाप्रमाणे बदलतं. त्यातून अक्कल मोजली जाते हे कुणी, कधी तपासलं होतं? ते गृहीतच धरलं होतं.

आणि वेळ बघा. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी विकले गेले 1619 साली. अटलांटिकवरून एकंदर सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. मॉर्टनच्या मोहरीआधी हा धंदा दोनशे वर्षं जोरात चालला होता, त्याला तोवर कुठल्या प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती. गुलामी बंद करा अशी ओरड सुरू झाल्यावर मालकांना दाखला हवा झाला. 1851 साली सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरनं तर वैद्यकीय नियतकालिकात लिहून टाकलं की गुलामाला पळून जावंसं वाटणं हा एक आजार आहे, त्याला ड्रॅपेटोमेनिया म्हणावं. उपायांत चाबूकही होता.

परत पुण्यात या. 1873 चा जून. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' छापून आली आहे. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात. पहिलीच पानं उघडा: पुस्तक अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपून जेमतेम आठ वर्षं झालीत, आणि पुण्यातला एक माळी समाजाचा कंत्राटदार तिची बातमी नुसती वाचत नाही. त्या लोकांचं बघून आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना सोडवावं, अशी आशा तो तिथंच छापून ठेवतो. सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघेल.

त्याच वर्षी, पुस्तकाच्या महिनाभर आधी, आजच्या झांबियात एका झाडाखाली एक तरुण दफनविधीची प्रार्थना वाचतोय. मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मेला आहे. त्याचं काळीज तिथंच पुरायचं, देह वाळवून किनाऱ्याकडे न्यायचा असं सोबतच्या आफ्रिकी माणसांनी ठरवलंय. झाडावर सुरीनं नाव कोरणारा हा तरुण जेकब वेनराइट. तो लिहायला-वाचायला शिकला कुठं? नाशिकला. शरणपूर रोडवरून तुम्ही दहा वेळा गेला असाल, हॉस्पिटलं, शोरूम, सिग्नल. ते शरणपूर म्हणजे 1850 च्या दशकात ख्रिस्ती मिशननं वसवलेली वस्ती. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांच्या होड्या पकडायचं, त्यातली मुलं मुंबईला उतरवायचं, आणि त्यांतली पुष्कळशी इथं यायची. जेकबही असाच याओ जमातीचा, पकडून विकला गेलेला पोरगा. इथं सुतारकाम, लोहारकाम शिकवत. तुमच्या शेडमधल्या अप्रेंटिसच्या वयाची ही मुलं, अंगावर डागण्या किंवा साखळीचे वण, आणि तोंडी नाशकातली भाषा. देह विलायतेला पोचला, 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता. त्याच इंग्लंडमध्ये त्या काळी मानवशास्त्राच्या मंडळात बसून काही विद्वान आफ्रिकी माणसाची बुद्धी कोवळ्या वयानंतर वाढत नाही असं ठासून मांडत होते.

आता थंडीचे कपडे घाला. बर्लिन, दाहलेम, इहनेश्ट्रासे 22. 1929 उजाडलंय. इमारत नवी कोरी, दोनच वर्षांपूर्वी उघडलेली: मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननाची कायझर विल्हेल्म संस्था. संचालक प्राध्यापक ऑयगन फिशर. हे गृहस्थ 1908 साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, मिश्र रक्ताच्या कुटुंबांची मापं घेऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहून प्रसिद्ध झाले. त्याच वसाहतीत त्याआधी तीन-चार वर्षं जर्मन फौजेनं हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली होती. मेलेल्यांची डोकी जर्मनीत पाठवली होती, अभ्यासाला.

टेबलाशी नऊवारीऐवजी गोल पातळ नेसलेली तेविशीतली बाई बसली आहे. इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीवरून. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली एम.ए. सासरे महर्षी कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी हयात घालवलेल्या या सासऱ्यांना सून जर्मनीला जाणं पसंत नव्हतं, हेही जाता जाता ऐकून ठेवा. नवरा, दिनकरराव, पाठीशी होता.

तिच्या हातातलं अवजार बघताच तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. सरकत्या जबड्याचा कॅलिपर, जवळजवळ तुमचाच. दुसरा वाकड्या पायांचा, गोल वस्तूवर बसणारा. फक्त जॉब वेगळा आहे. फिशरचं म्हणणं असं: गोऱ्या युरोपीयांच्या कवट्या डाव्या-उजव्या अंगांना असमान असतात, मेंदूच्या पुढच्या भागाला तिथं जास्त जागा मिळते, म्हणून त्यांची तर्कबुद्धी वरची, बाकीच्या वंशांत तसं नसतं. इरावतीनं मोजून ते दाखवायचं. जॉबची संख्या 149, काही युरोपातले, काही युरोपाबाहेरून आणलेले.

तिच्या शेजारी उभे राहा आणि एक कवटी हातात घ्या. वाटते त्यापेक्षा हलकी असते. कडा झिजलेल्या, कपाळावर शाईनं क्रमांक. तुमचा पहिला प्रश्न: डेटम कुठला, म्हणजे माप कुठून धरायचं? बुशाला फेस असतो, बोअर असतं. इथं एकही सपाट पृष्ठ नाही. जर्मनांनी त्यावर 1884 साली करार करून टाकला होता: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खाचेची खालची कड जोडून एक प्रतल धरायचं, फ्रँकफर्ट प्रतल. ठीक. पण डावं-उजवं तोलायचं तर मधली रेघ हवी, आणि जी वस्तू स्वतःच वाकडी आहे तिची मधली रेघ काढायची कशावरून? एक बिंदू अर्धा मिलिमीटर इकडं धरला की डावी बाजू मोठी, तिकडं धरला की उजवी. इथं अंगठा दाबायला जागाच जागा आहे. आणि शेजारी उभा असलेला ऑपरेटर साधासुधा नाही, डॉक्टरेट त्याच्या सहीवर आहे.

इरावती मोजते. दिवसामागून दिवस, कवटीमागून कवटी. असमानता सापडते, भरपूर सापडते. युरोपीय कवट्यांत सापडते आणि इतर कवट्यांतही तशीच सापडते. माणसाचं डोकं थोडं वाकडंच असतं. वंशाशी त्याचा काही संबंध लागत नाही. तिनं ते तसंच लिहिलं. फिशरनी प्रबंध पास केला, पण अगदी खालची श्रेणी देऊन. 1931 साली तो छापला गेला.

परदेशात, उसन्या पैशांवर शिकणारी बाई, मार्गदर्शकाचा सिद्धांत, मार्गदर्शकाची कवटी, मार्गदर्शकाची खुर्ची. एवढ्या सगळ्यात तिनं लाल टॅग लावला. तळवड्यात लॉट रिजेक्ट करताना तुमच्या पोटात जो गोळा येतो, त्याला बर्लिनच्या थंडीनं गुणा.

फिशरचं पुढं काय झालं? 1933 साली ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1937 साली ऱ्हाइनकाठच्या शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी केली गेली. ही मुलं पहिल्या महायुद्धानंतर तिथं तैनात असलेल्या फ्रेंच फौजेतल्या आफ्रिकी शिपायांची. त्यांची वंशतपासणी करणाऱ्यांत फिशर आणि त्यांच्या संस्थेतली माणसं होती. एका रिपोर्टाचा आकडा विरुद्ध गेला म्हणून यंत्र थांबत नाही, हे इरावतीच्या प्रबंधानं दिसतं, आणि मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. दाखला मागणाऱ्याला दाखला कुठून तरी मिळतोच.

इहनेश्ट्रासेची इमारत आजही आहे, तिच्यात राज्यशास्त्राची मुलं शिकतात. 2014 साली जवळ खोदकाम करताना हाडं लागली. मग शिस्तीत उकरलं तर सुमारे 16 हजार तुकडे निघाले. 2023 च्या मार्चमध्ये ते पुरले गेले. त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. बर्लिनमध्ये ठेवलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सुमारे अकराशे कवट्यांची छाननी झाली, आणि काहींच्या डीएनएवरून टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी वंशजांचा पत्ता लागला. एका कवटीवर आकिडा असं नाव लिहिलेलं होतं. 1900 साली जर्मनांनी फासावर चढवलेल्या मांगी मेली या राजाचा तो सल्लागार.

शेवटचा मुक्काम 1948, आपल्याच मुलखात. इरावतीबाई आता येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. तुम्हाला वाटेल, बर्लिनहून आल्यावर त्यांनी कॅलिपर फेकून दिला असेल. नाही. मराठ्यांच्या शरीरमापनावरचं त्यांचं पुस्तक याच वर्षीचं. गावोगाव जाऊन त्या उंची, डोकं, नाक मोजतात, कारण एकाच नावाची जात खरोखर एका मूळची आहे का हे त्यांना बघायचंय. मला इथं थोडं अडखळायला होतं: जे अवजार वंशांची उतरंड लावू शकलं नाही, ते जातींची गोष्ट कितपत सांगणार? पुढच्या अभ्यासकांनीही त्यांना हा प्रश्न विचारलाच.

नाकाचा विषय तर आपल्याकडे जुना. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी भागिले उंची असा निर्देशांक काढून सांगितलं होतं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. घुर्यांनी त्यातले आकडे तपासले, आणि घुर्यांचे आकडे घेऊन डॉ. आंबेडकरांनी याच 1948 साली अस्पृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या मापांप्रमाणे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. म्हणजे वंश हे अस्पृश्यतेचं कारण असूच शकत नाही. समोरच्याच गेजनं समोरच्याचा जॉब रिजेक्ट.

याच 1948 च्या मार्चमध्ये जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होतंय. हबशांच्या वंशजांनी तीनशे वर्षांहून जास्त सांभाळलेलं राज्य. आजचा मुरूड तालुका त्याच्याच मुलखातला.

इरावतीबाईंच्या मापनाच्या रांगेत, गावच्या चावडीसमोर, तुमचा नंबर आला आहे. स्टुलावर बसा. मापाचा थंड पोलादी जबडा आधी तुमच्या कानांच्या वर टेकतो, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना. मदतनीस आकडा मोठ्यानं सांगतो, दुसरा वहीत उतरवतो. वहीतला पहिला रकाना गावाचा, दुसरा जातीचा, आकड्यांचे रकाने त्याच्या पुढं. तुम्ही अर्थातच त्याला थांबवता आणि विचारता, बाबा रे, हा दुसरा रकाना आधी का भरला, आकडे घेऊन झाल्यावर भरला असता तर?

मदतनीस वैतागून मागे बघतो. रांगेत अजून तीसेक माणसं आहेत.